किती वेळा?

"डोक्याला मार किती वेळा लागला असेल?"

न्यूरॉलॉजिस्टांनी वही उघडून पहिला प्रश्न हाच विचारला. मी म्हणाले, "तीनदा." लगेच आणि अगदी खात्रीने. शेजारी बसलेला नवरा काही बोलला नाही, पण त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

खेळ सोडून मला तेव्हा ९ वर्षं झाली होती. वय ३८. त्याआधी ११ वर्षं स्पर्धात्मक फुटबॉल, जवळजवळ सगळा मधल्या बचावपटूच्या जागेवर. उंचावरून येणारा चेंडू डोक्याने परतवणं हेच माझं मुख्य काम.

डॉक्टरांकडे डोकेदुखीसाठी चालले आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. डोकं दुखायचं हे खरं, पण कारण ते नव्हतं. मी हिशेब तपासण्याचं काम करते. गेलं वर्षभर एकेक रकाना तीन-तीनदा वाचावा लागत होता. ओठांवर आलेला शब्द निसटून जायचा. खोलीत दोन माणसं एकदम बोलायला लागली की दोघांचंही काही कळेनासं व्हायचं. हे सगळं मी वयाच्या, अपुऱ्या झोपेच्या, कामाच्या ताणाच्या खात्यावर टाकत होते. मग एका संध्याकाळी टीव्ही चालू असताना मुलगी काहीतरी सांगत होती. मला कळेना म्हणून तिने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं आणि मी तिचं दप्तर उचलून भिंतीवर फेकलं. ती तेव्हा ८ वर्षांची होती. रडली नाही, नुसती दाराला टेकून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अपॉइंटमेंट घेतली.

माझं "तीनदा" डॉक्टरांनी वहीत लिहिलंच नाही. ते तीन प्रसंग कुठले, असं त्यांनी विचारलं. दोनदा शुद्ध हरपली होती आणि एकदा कपाळाला टाके पडले होते. "बरं," ते म्हणाले, "आता असं सांगा. मार लागल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, मळमळलं, आपण कुठे आहोत ते मिनिटभर उमगलं नाही, किंवा नंतरचा खेळच आठवत नाही, असं किती वेळा झालं?"

मला उत्तर देता येईना.

"घरी जा आणि यादी करा. पण एकट्याने करू नका. ज्या मेंदूला मार लागलाय, त्याच्या एकट्याच्या साक्षीवर आपल्याला जाता येणार नाही."

कन्कशनमध्ये बहुतेकांची शुद्ध जातच नाही, हे ११ वर्षं खेळूनही मला माहीत नव्हतं. आपल्याकडे 'मुका मार' हा शब्द आहे. बाहेर जखम दिसत नाही, रक्त येत नाही, पण आत लागलेलं असतं. कन्कशन म्हणजे मेंदूला लागलेला मुका मार. मेंदू कवटीतल्या द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात फिरलं की तो मऊ गोळा मागे रेंगाळतो, आतल्या आत पिळला जातो आणि त्यातले लांबलचक तंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं, कॅल्शियम आत शिरतं. ही विस्कटलेली घडी परत बसवायला पेशींना भरमसाठ ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. अशा दिवसांत दुसरा मार बसला तर तो उपाशी पेशींवर बसतो. पण यात तुटलं-फुटलं काही नसतं, म्हणून सीटी स्कॅन स्वच्छ येतो. "स्कॅन नॉर्मल आहे" हे वाक्य मी खेळत असताना दोनदा ऐकलं होतं. दोन्ही वेळा त्याचा अर्थ "काही झालेलं नाही" असाच घेतला होता.

यादीची सुरुवात आईपासून केली. तिने मला कधीच माहीत नसलेला एक प्रसंग सांगितला. सहाव्या वर्षी मी जिन्यावरून पडले होते आणि त्या रात्री दोनदा उलटी झाली होती. दादाला एक सायकलचा अपघात आठवला. नवऱ्याने लग्नानंतरचे दोन सामने सांगितले. त्यातल्या एकानंतर मी घरी येऊन अंधाऱ्या खोलीत दोन दिवस झोपून होते. तो म्हणाला, "तुला ताप आलाय असं तू सांगितलं होतंस." मला ताप आल्याचंच आठवत होतं.

मग आमच्या गोलकीपरला फोन लावला. सात वर्षं ती माझ्या पाठीमागे उभी होती. मैदानावरचं माझं सगळं तिने पाहिलेलं. मी विचारलं आणि ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सात तरी नक्की. अगं, त्या उपांत्य सामन्यात तू मला विचारलंस, आपण कुठल्या बाजूला मारतोय? मी हाताने दाखवलं. पाच मिनिटांनी परत तेच विचारलंस. नंतर वीस मिनिटं खेळलीस तू."

त्या सामन्याचा फोटो माझ्या घरी भिंतीवर आहे. तो आम्ही जिंकलो होतो. विजयाचा तो क्षण मला आठवतो, असं मी इतकी वर्षं समजत होते. फोन ठेवल्यावर फोटोसमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, मला आठवतो तो हा फोटोच आहे. इंग्लंडच्या २००३ च्या रग्बी विश्वविजेत्या संघातला स्टीव्ह थॉम्प्सन याला चाळिशीच्या सुरुवातीला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि तो अंतिम सामना जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्याने सांगितलं. हे मी पूर्वी बातमीत वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

यादी अकरा प्रसंगांवर थांबली. डॉक्टरांनी तीन रकाने करायला सांगितले होते: काय झालं, कोणी पाहिलं आणि किती दिवसांनी परत खेळलात. तिसरा रकाना भरताना हात अडत होता. शून्य दिवस. शून्य. चार. शून्य. सहा. हल्लीच्या नियमांप्रमाणे पहिले एक-दोन दिवस जवळजवळ विश्रांती, मग हलक्या चालण्यापासून पूर्ण सामन्यापर्यंत सहा पायऱ्या, प्रत्येक पायरी किमान २४ तासांची, आणि पूर्ण ताकदीच्या सरावाआधी डॉक्टरांची परवानगी. आमच्या वेळी तोंडावर पाणी मारायचे आणि विचारायचे, "बरी आहेस ना?" मी "हो" म्हणायचे. प्रशिक्षकाने विचारलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. त्याने विचारलं ते मात्र ज्याला मार लागला होता त्या मेंदूलाच.

क्रिकेट बघणाऱ्यांना २०१९ ची लॉर्ड्स कसोटी आठवत असेल. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीत तो उत्तीर्ण झाला आणि परत फलंदाजीला उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला लक्षणं जाणवू लागली. कन्कशनसाठी बदली खेळाडू देण्याचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता, म्हणून मार्नस लाबुशेन त्याच्या जागी आला. ऐन मैदानावर डॉक्टरांनी तपासूनही लक्षणं दुसऱ्या दिवशी वर येऊ शकतात. आमच्याकडे तर पाण्याची बाटली होती.

पुढच्या भेटीत यादी वाचून झाल्यावर डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो मला सुचलाच नव्हता. "सरावात हेडिंग किती करायचात?" मी तिथेच हिशेब मांडला. रोजचे २०, आठवड्याचे चार दिवस, वर्षाचे ४० आठवडे, ११ वर्षं. पस्तीस हजार दोनशे. यातल्या एकानेही मला चक्कर आली नसेल. पण लक्षणं न देणारे असे छोटे छोटे धक्के वर्षानुवर्षं साचत गेले की त्यांचाही परिणाम होत असावा, ही शंका आता अभ्यासकांच्या चिंतेचा मोठा भाग आहे. आयुष्यभर हिशेबाचं काम केलेल्या मला तो आकडा पुढे कितीतरी दिवस झोपू देत नव्हता.

त्या रात्री जागून मी वाचायचे. वाचायला नको होतं, असं आज वाटत नाही, पण एकटीने वाचायला नको होतं. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९२८ मध्येच बॉक्सरांच्या झोकांड्या खाण्याबद्दल आणि मंदावलेल्या हालचालींबद्दल लिहिलं होतं. मग कितीतरी दशकं हा बॉक्सिंगचाच आजार मानला गेला. अमेरिकी फुटबॉल हा आमच्या फुटबॉलपेक्षा वेगळा, रग्बीसारखा धडकांचा खेळ. तो खेळणारा माइक वेब्स्टर २००२ मध्ये वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई, डोक्याला वारंवार बसलेल्या माराशी जोडला गेलेला मेंदूच्या झिजेचा आजार. बोस्टनमध्ये डॉ. ॲन मॅकी यांच्या गटाने २०१७ मध्ये एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई दाखवला. हा आकडा वाचून मी पहाटे नवऱ्याला उठवलं.

डॉक्टरांनी मला हाच आकडा नीट वाचायला शिकवलं. ते मेंदू कुटुंबीयांनी दान केले होते, आणि घरात काहीतरी बिघडलेलं पाहिलेली कुटुंबंच दानासाठी जास्त पुढे येतात. त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. मग त्यांनी ग्लासगोचा अभ्यास समोर ठेवला. डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सुमारे २३,००० सामान्य माणसांशी केली. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीनपट होतं. पण मृत्यूचं मुख्य कारण म्हणून अशा आजाराची नोंद एकूण खेळाडूंपैकी १.७ टक्क्यांच्या बाबतीत होती आणि इतरांपैकी ०.५ टक्क्यांच्या. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण तर खेळाडूंमध्ये कमीच होतं. "साडेतीनपट खरं आहे," ते म्हणाले, "आणि बहुतेकांना झालं नाही, हेही त्याच अभ्यासातलं आहे. दोन्ही एकत्र लक्षात ठेवा."

त्याच गटाने २०२१ मध्ये जागेनुसार फरक पाहिला. सगळ्यात जास्त धोका बचावपटूंना, सुमारे पाचपट. गोलकीपरांमध्ये सामान्य माणसांपेक्षा ठळक फरक दिसला नाही.

आणि हे सगळे पुरुष. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. ते १११ मेंदू पुरुषांचे, ते ७,६७६ खेळाडू पुरुष. त्याच खेळात स्त्रियांना कन्कशनचं प्रमाण जास्त दिसतं, हे कितीतरी अभ्यासांत आलंय, आणि तरीही माझ्यासारखीचं पुढे काय होतं ते सांगायला माझ्यासारख्या कोणाचा अभ्यास समोर नव्हता. व्यावसायिक स्त्री-खेळाडूच्या मेंदूत सीटीई सापडल्याचं पहिलं निदान २०२३ मध्ये जाहीर झालं. ती ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणारी हेदर अँडरसन. गेली तेव्हा २८ वर्षांची होती. मेंदू तिच्या घरच्यांनी दान केला म्हणून ते कळलं.

तपासण्या दोन महिने चालल्या. एमआरआय स्वच्छ. रक्तात थायरॉइड, बी-१२ आणि पिट्यूटरी ग्रंथीची हार्मोन्स पाहिली, कारण डोक्याच्या मारानंतर ती ग्रंथी दुबळी होऊ शकते आणि थकवा, उदासी तिथून येऊ शकते. तेही ठीक होतं. डोळ्यांच्या तपासणीत पहिल्यांदा काहीतरी सापडलं. नाकाकडे आणलेला पेनचा टोकदार भाग साधारण पाच-सहा सेंटीमीटरवर येईपर्यंत एकच दिसायला हवा. मला तो १४ सेंटीमीटरवरच दोन दिसायला लागला. रकाना तीनदा का वाचावा लागतो याचं थोडंसं उत्तर तिथे होतं. मला हुंदका आला. कुठेतरी काहीतरी मोजता आलं, एवढ्यानेच.

मुख्य परीक्षा न्यूरोसायकॉलॉजिस्टकडची. मध्ये विश्रांती धरून पाच तास. १५ शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तेवढे मी म्हणायचे, मग तेच शब्द परत, असं पाच वेळा. मग दुसरेच १५ शब्द. मग पुन्हा पहिले. आकडे उलटे म्हणायचे. विखुरलेल्या वर्तुळांतून एक, अ, दोन, आ असं आलटून-पालटून रेघ ओढत जायचं. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला, आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. खुणांच्या खाली ठरलेले आकडे भरायचे, घड्याळ लावून. या शेवटच्या चाचणीत माझा हात थांबत नव्हता, तरी ओळी पुढे सरकत नव्हत्या. त्या बाई चेहऱ्यावर काहीच दाखवत नव्हत्या. मी बरोबर उत्तर दिलं काय, चुकले काय, त्यांचं "ठीक आहे, पुढे" एकाच सुरात.

अर्ध्या तासाने त्यांनी अचानक ते पहिले १५ शब्द विचारले. सहा आले. बाकीचे नऊ गेलेच. मी डोळे मिटून बसले आणि मला आईचा चेहरा दिसला. पुढे एक दिवस तिचं नावही असंच जाईल का, एवढंच मनात येत राहिलं. मग त्यांनी एक लांब यादी वाचायला घेतली आणि प्रत्येक शब्दाला हो-नाही सांगायला लावलं. १५ पैकी १४ मी बरोबर ओळखले.

यातला फरक त्यांनी नंतर समजावला, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त आधार त्याचा वाटला. शब्द आत साठले होते, त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. अल्झायमरच्या सुरुवातीला बहुधा साठवणच होत नाही, त्यामुळे समोर ठेवूनही शब्द ओळखता येत नाहीत. माझा वेग खूप कमी होता, लक्ष फुटत होतं, पण ठेवलेली वस्तू घरातच होती. अडचण एकच होती. खेळायला लागण्याआधीची अशी चाचणी माझी कधी झालीच नव्हती. म्हणून शाळेच्या गुणपत्रिका, शिक्षण, भाषा यांवरून मी आधी कुठे असेन याचा त्यांनी अंदाज बांधला. प्रत्येक खेळाडूची अशी नोंद हंगामाआधी झाली पाहिजे, असं मी आता भेटेल त्या प्रशिक्षकाला सांगते.

अहवाल समोर ठेवून डॉक्टर बसले तेव्हा मी थेट विचारलं. "मला सीटीई आहे का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सीटीईची खात्री माणूस गेल्यावरच होते. मेंदूच्या घड्या जिथे खोल जातात, तिथे बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रथिन साचलेलं असतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. जिवंत माणसात ते नक्की दाखवणारी चाचणी आज नाही. २०२१ मध्ये काही निकष ठरले आहेत, पण ते मुख्यतः संशोधनासाठी. मी तुम्हाला आहे असं सांगू शकत नाही आणि नाही असंही सांगू शकत नाही."

मला नाव हवं होतं. भीतीदायक असतं तरी चाललं असतं. दप्तर मी फेकलं की आजाराने फेकलं, हे कोणीतरी लिहून द्यावं असं वाटत होतं. ते कोणीही देऊ शकत नव्हतं आणि त्या खोलीत बसून मी खूप रडले.

मग त्यांनी सांगितलं, "मायग्रेन आहे, त्यावर औषध आहे. डोळे आणि तोल यांची जोडी बिघडली आहे, त्यावर व्यायाम आहेत. झोप मोडली आहे. नैराश्य आहे. या चारही गोष्टी नुसत्या एकत्र आल्या तरी माणसाची स्मरणशक्ती अशीच दिसते. ज्यावर उपाय आहे ते आधी बाजूला करू. मग काय उरतं ते पाहू."

व्यायाम कंटाळवाणे होते. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्यावर नजर रोखून मान डावी-उजवी हलवायची, अक्षर हललं नाही पाहिजे. पहिल्या आठवड्यात २० सेकंदांत मळमळायचं. ट्रेडमिलवर चालवून हृदयाच्या किती ठोक्यांना लक्षणं वाढतात ते पाहिलं आणि त्याच्या जरा खालच्या गतीने रोज २० मिनिटं चालायला सांगितलं. पूर्वी मला वाटायचं, अशा डोक्याला पूर्ण आराम हवा. महिनोन्महिने पडून राहण्याने उलट नुकसान होतं, हे तिथे कळलं. चार महिन्यांत चक्कर बरीच कमी झाली. झोप सहा महिन्यांनी लागली. शब्द अजूनही निसटतात. कार्यालयात मी सांगून टाकलं, आता मोठे तक्ते सकाळी तपासते आणि दार लावून घेते.

राग सगळ्यात शेवटी उतरला. समुपदेशनात मी एक खूण शिकले आणि मुलीलाही शिकवली. मी दोन बोटं वर केली की टीव्ही बंद आणि दहा मिनिटं माझ्याशी कोणी बोलायचं नाही. पहिल्यांदा खूण केली तेव्हा तिने टीव्ही बंद केला, आत गेली आणि दहा मिनिटांनी घड्याळ हातात घेऊनच बाहेर आली. दप्तराबद्दल मी तिची माफी मागितली होती. ते डोक्यामुळे झालं असेल किंवा नसेल, माफी माझीच होती.

दीड वर्षाने तीच पाच तासांची परीक्षा पुन्हा दिली, या वेळी वेगळ्या शब्दांची. वेग जवळपास तिथेच. अर्ध्या तासानंतरचे शब्द सहावरून नऊ. डॉक्टर म्हणाले, "स्थिर आहे." झिजेचा आजार असता तर एवढ्या काळात घसरण दिसण्याची शक्यता होती. पण यावरून पुढचं काही ठरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. दर दोन वर्षांनी यायचं ठरलं आहे. माझा मेंदू संशोधनासाठी द्यावा, हे मी नवऱ्याला आणि दादाला लेखी देऊन ठेवलंय. वेळ येईल तेव्हा पाऊल त्यांनाच उचलावं लागणार आहे.

मुलगी फुटबॉल खेळते. हेडिंग करत नाही. अमेरिकेत २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग थांबवण्याचं ठरलं, स्कॉटलंडने २०२० मध्ये लहान मुलांच्या सरावातून ते काढलं. तिच्या प्रशिक्षकांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. मार लागला तर मुलीला विचारायचं नाही, तिला बाहेर घ्यायचं आणि मला फोन करायचा, एवढं आमच्यात ठरलंय.

गेल्या महिन्यात आमच्या गोलकीपरचा फोन आला. गोलकीपरांना धोका कमी, हे मीच तिला सांगितलं होतं आणि तिला तेव्हा हायसं वाटलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेले. दुसऱ्यांदा." मग थोडं थांबून, "मी खांबावर आपटले होते ते तुला आठवतं का? आणि ते गुडघे लागायचे तोंडावर? मला दोनच आठवतात."

मी सात वर्षं तिच्या पुढे उभी होते. ती माझ्या पाठीमागे. पण कॉर्नरच्या वेळी आम्ही दोघी एकाच घोळक्यात असायचो.

"थांब," मी म्हणाले, "कागद घेते." आणि तीन रकाने आखले.